वांदर खाकरला तर

१० मार्च

नाही, हे मले अजिबात मान्य नाही. अन् तुम्ही कोण मले विचारणारे? ऑफिसची दैनंदिनी वेगळी आहे, ती दर शनिवारी फोनवरून यवतमाळले जाते, फोटोसकट. ही माझी आहे. तरी उघडलीच असंल तुम्ही, तर ऐका अन् मधात बोलू नका. तुम्ही म्हणणार, तांड्याच्या पोट्ट्यांले जंगलात नेऊन काय शिकवता, जंगल तर त्यांच्या घरामागंच आहे. माझी आई हेच म्हणते. इथले हेडमास्तर हेच म्हणतात. आमच्या संस्थेचे अनंत सर तसं म्हणत नाहीत, पण त्यांले यंदा चाळीस शाळा पाह्यजे, मारेगाव झालं की पुसद, अन् मले एकच नीट करायची आहे. भांडण तिथं आहे.

घरामागं आहे म्हणूनच तर. दोन वर्षांपासून आमच्या सेवानगर तांड्याच्या नाल्याकडं वाघ फिरते, तेव्हापासून घरच्यांनी पोरांचं तिकडं जाणंच बंद केलं. शाळेनं मागचं फाटक बांधून टाकलं, तारेनं. मी ती तार सोडली. आठवड्यातून तीन दिवस सकाळचा पहिला तास फाटकाबाहेर. त्याले नाव दिलं रानवर्ग.

मी राह्यते बिजलीबाईच्या घरी, पुढच्या खोलीत. तांड्यात सगळे तिले याडी म्हणतात, म्हणजे आई, म्हणून मीही म्हणते. तिची नात बबिता सातवीत आहे, मायबाप ऊसतोडीले गेलेत. पहिल्या दिवशी याडीनं माझ्याकडं पाह्यलं अन् म्हणाली, "एवढी शिकली अन् वांदरं पाहाले आली?"

मी म्हटलं, हाव.

"आम्हीबी वांदरंच पाहून राह्यलो जन्मापासून. आमाले कोणं पगार नाही देल्ला."

१३ मार्च

आज पोट्ट्यांले डोळे मिटून बसवलं. मोठ्या कागदाच्या मधोमध एक ठिपका, तो ठिपका म्हणजे तू, आता जिकडून आवाज येईल तिकडं खूण कर. आवाजाचा नकाशा. पाच मिनिटं कोणी बोललं नाही, हे हेडमास्तरांले खरं वाटलं नाही.

मग इशाऱ्याचे आवाज शिकवले. वाघ दिसला की चितळ कसं ओरडते, सांबर कसं, अन् वांदर कसं. वांदराचं सोपं आहे, घशातून, खोकल्यासारखं: खँक्. थांबते. खँक् खँक्. नियम एकच, वांदर खाकरला की जिथं असाल तिथून घरी.

बबितानं तोंडाले हात लावून खाकरलं अन् नाल्यावरच्या अर्जुनाच्या झाडावरून खऱ्या वांदरानं तिले उत्तर दिलं.

मी मोबाईल काढून तिले परत करायले लावलं. व्हिडिओ सरांले पाठवला. सरांचा लगेच फोन: "गौरी, ही मुलगी आपल्याला पाच एप्रिलला यवतमाळच्या कार्यक्रमात पाहिजे. पैसे देणारे लोक येणार आहेत."

सरांच्या तोंडी 'पैसे देणारे लोक' हे शब्द देवाच्या नावासारखे येतात.

१७ मार्च

मोह पडायले लागला. आता सगळा तांडा मोहानं वास मारते, गोड अन् थोडा नासका. बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात, म्हणजे फुल पडलं की दिसते. वाळवून विकलं की वर्षाचा रोख पैसा तोच.

याडीनं मले कायदा समजावून सांगितला. नाल्याकडची झाडं कोणाच्याच मालकीची नाहीत. ज्या बाईनं पहाटे आधी टोपली खाली ठेवली, त्या दिवसापुरतं झाड तिचं. पण टोपली उचलून बाई निघाली की झाड सुटलं. मग कोणीबी या.

"अन् लघवीले जायचं असंल तर?"

"टोपली ठेवून जाय ना वो बाई. टोपली बसली हाये म्हणजे तू बसली."

मी हे लिहून घेतलं. किती सुंदर कायदा आहे. कागद नाही, पाटी नाही, एक टोपली.

२० मार्च

सकाळी बाया पळत आल्या. नाल्याकडं वांदर खाकरला म्हणून टोपल्या उचलून निघाल्या. वनरक्षक जाऊन पाहून आला, पंजा नाही, काही नाही. परवाही असंच झालतं म्हणे.

गंगी चिडली होती. गंगी म्हणजे शेजारची, तीन लेकरांची माय, तांड्यात सगळ्यात मोठ्यानं हसणारी. "मॅडम, तुमचा वांदर रिकामा खाकरून राह्यला. माया मोह गेला ना सगळा."

रानवर्गात बबिताच्या हातांवर ओरखडे दिसले, कोपरापासून मनगटापर्यंत, काटेरी झुडपात घुसल्यावर होतात तसे. मलम लावलं. मोहाखाली तर सगळं साफ असते, पण ही पोरगी सरळ वाटेनं चालतच नाही. तासाले दोनदा जांभई दिली. आजीसोबत पहाटे टोपली उचलायले जाते म्हणे. मेहनती आहे.

याडीचं आंगण मोहानं भरून गेलं. माझी खाट उचलून बाहेर ठेवली, जागाच नाही. यंदा तिची झाडं चांगली लागली.

२२ मार्च

आज माझा दिवस.

बायांसाठी समाजमंदिरात बैठक घेतली. शाळेपुरतं शिकवून होत नाही, घरच्यांलेही सोबत घ्यावं लागते, असं मी सरांले कधीची म्हणून राह्यली. पंचवीसेक बाया आल्या. सगळ्यांचा एकच प्रश्न, वांदर रोज खाकरते अन् वाघ काहून नाही दिसत. भीमसिंग नाईक, तांड्याचे प्रमुख, दारातच उभे होते. ते म्हणाले, "वांदर नाही ते. नाल्यापलीकडच्या पोडातले कोलाम हायेत. आमच्या बाया उठवतात अन् आमचा मोह नेतात."

पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. मले हे आवडलं नाही. असं कोणावर टाकायचं नाही. मी उभी राह्यली अन् शास्त्र सांगितलं. वांदर फक्त वाघाले खाकरत नाही. बिबट्याले खाकरते, कुत्र्याले खाकरते, कधी नुसत्या सावलीले खाकरते. प्रत्येक वेळी वाघच असते असं नाही. म्हणून घाबरून पळायचं नाही.

टाळ्या पडल्या. गंगी म्हणाली, "हे घ्या, मॅडमनं लायसन देल्लं. आता मी नाही उठत."

याडी मागं बसली होती. ती हसली नाही. तिले शास्त्र जड जाते बहुतेक.

ऑफिसच्या दैनंदिनीत लिहिलं: महिलांमधील वन्यजीवांविषयीची भीती कमी होत आहे.

२४ मार्च

वांदर खाकरला. अर्ध्याच बाया आल्या.

२७ मार्च

सर येऊन गेले. बबितानं चितळ, सांबर, वांदर, तिन्ही करून दाखवले. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् इंग्रजीत काहीतरी म्हणाले. याडीनं चहात साखर जास्त टाकली, पाहुण्यासाठी टाकते तशी, अन् मग विचारलं, "साहेब, यवतमाळच्या हॉस्टेलात हिले घेतील का? मॅडम म्हणते हुशार हाये. आमी खर्च करू, आमी काही फुकट नाही मागत."

सर म्हणाले, पाहू.

संध्याकाळी कार्यक्रमाची तालीम घेतली, शाळेच्या ओट्यावर, अंधार पडेपर्यंत. पोरगी दमून ओट्यावरच झोपून गेली. मी अन् याडीनं उचलून घरी आणली.

गंगीले विचारलं, आता पळता का वो? म्हणाली, "बिजली पळते का? ती तर जागची हालत नाही. आम्हीच येड्यावानी टोपल्या उचलत होतो. उद्यापासून मी तिच्याच बाजूच्या झाडाखाली बसतो."

२८ मार्च

गंगीले वाघानं धरलं.

मी आंगणात दात घासून राह्यली होती. आधी वांदर ऐकू आला. खरं सांगते, मी ऐकला अन् ब्रश चालूच ठेवला. खूप वेळ खाकरत होता. बबिता खोलीत झोपून होती, पांघरूण डोक्यावरून. मी तिले हाक मारली, शाळा आहे ना, ऊठ. ती दचकून उठली अन् बाहेर पाहून म्हणाली, "उजाडलं?" अन् तिचा चेहरा कसा झाला ते मले तेव्हा कळलं नाही. मले वाटलं उशीर झाला म्हणून.

मग बायांच्या किंकाळ्या.

गंगी वाकून फुलं वेचून राह्यली होती. मागून आला. खांद्याले धरून ओढलं. बाजूच्या झाडाखाली याडी होती. तिनं जळता पाला काठीनं उचलून त्याच्या तोंडावर फेकला, एकदा, दोनदा, ओरडत राह्यली, तोपर्यंत पुरुष धावले. वाघ सोडून गेला.

गंगीले जीपमधून नेलं. तिची टोपली तिथंच राह्यली. नंतर गेलेल्या कोणीच ती उचलली नाही.

२९ मार्च

यवतमाळले, दवाखान्यात. गंगी शुद्धीवर आहे, औषधाच्या गुंगीत. खांदा वाचल म्हणतात, हात सांगता येत नाही. मले ओळखलं. हळूच म्हणाली, "आयकला होता मी. बिजली बसून होती ना, म्हणून मी बसली."

मी म्हटलं, बोलू नका, आराम करा. गुंगीत माणूस काहीही बोलते.

तांड्यात तर कालपासून सगळे याडीचं नाव घेऊन राह्यले. बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज, त्यांची कृपा म्हणतात तिच्यावर, वाघानं तिच्याकडं पाह्यलं नाही. बाया तिच्या पाया पडल्या. तिनं पाय मागं घेतले.

सरांचा फोन. गंगीबाईंबद्दल वाईट वाटलं, पण ही घटना वेगळी अन् आपला कार्यक्रम वेगळा. पाच तारीख तशीच राहणार. उलट आता लोकांले महत्त्व पटल.

३० मार्च

बसमधे बसल्या बसल्या सगळं एकदम समोर आलं. मारेगावच्या अलीकडे कुठंतरी. काही नवीन कळलं नव्हतं. सगळं मी या वहीत आधीच लिहून ठेवलं होतं, एकेक करून, अन् खाली काय काय कौतुक लिहिलं होतं.

ओरखडे. जांभया. आंगणातला मोह. बिजली जागची हालत नाही.

घरी आली. बबिता चुलीजवळ होती. मी काही विचारलंच नाही, नुसती तिच्यासमोर बसली. तीच म्हणाली.

"याडी म्हणाली होती, एकदाच."

"किती वेळा एकदाच?"

ती बोटं मोजत बसली अन् मग रडायले लागली. झुडपात लपून खाकरायचं, बाया टोपल्या उचलून पळाल्या की सुटलेल्या झाडांखाली याडी जाणार. एवढंच. "पण त्या दिवशी मी नव्हतो मॅडम. मी झोपून होतो. तुम्हीच उठवलं मले."

मले माहीत आहे. त्या दिवशी तो खरा होता. अन् याडी अंधारात पुढं निघून गेली होती, तिले वाटलं नातच मागून येऊन झुडपात बसली, म्हणून ती बसून राह्यली. अन् गंगी तिच्याकडं पाहून बसून राह्यली. अन् मी ब्रश करत होती.

याडी पाणी घेऊन आली. तिनं दारातूनच ऐकलं होतं. घागर खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला.

"ओरड मी म्हटलं तिले," ती म्हणाली. "ओरडणं कोणं शिकवलं?"

मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"हॉस्टेलाचं कोणं डोक्यात भरवलं? मोह नाही तर कायच्यावर टाकू मी तिले हॉस्टेलात?" मग आवाज खाली आला. "पोरगीले या तांड्यात राहाचं हाये, गौरी. तिले कोणी सोयरीक करणार नाही. गंगीचे लेकरं तिच्या तोंडावर थुकतील. मी मेल्यावर सांग. आता नको."

पहिल्यांदा तिनं मले नावानं हाक मारली.

मी म्हटलं, नाही सांगत.

३१ मार्च

मारुतीच्या पारावर बैठक. वनविभागानं सांगितलं होतं मोहाले जाऊ नका, त्यावर कोणी चर्चाही केली नाही. मोह अजून दोन आठवडे आहे, मग वर्षभर नाही. ठरलं ते असं: बाया एकत्र जातील, सोबत काठ्या, अन् वांदराच्या आवाजाले भीक घालायची नाही. तो आवाज पोडातल्यांचा आहे. त्यांच्याच खोट्या आवाजांनी बाया बेफिकीर झाल्या अन् गंगीचा हात गेला.

अर्धं खरं आहे. बाकीचं अर्धं मले अन् याडीले माहीत होतं.

भीमसिंग नाईक माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या हा. तुम्ही सांगा लोकायले. वांदर खोटं खाकरते का?"

सगळे माझ्याकडं पाहून राह्यले. याडी खांबाले टेकून होती.

मी म्हटलं, "कधी कधी."

दोन शब्द. लिहून पाह्यले, तर एवढेसेच दिसतात.

१ एप्रिल

याडी मोहाले गेली नाही. पहाटे बाया बोलवायले आल्या, "चाल बिजली, तू असली की धीर राह्यते." ती भिंतीकडं तोंड करून पडून राह्यली. अंगात कणकण आहे म्हणाली. तिच्याशिवाय गेल्या. आता त्यांच्यात एकही अशी नाही जिले माहीत आहे की बबिता थांबली. म्हणजे आता जो आवाज येईल तो खराच असंल, अन् हे फक्त या एका घरात माहीत आहे, जिथून कोणीच मोहाले जात नाही.

हे लिहिल्यावर मी उठली अन् पाणी प्यायली. काल हे दिसलं नव्हतं का मले? दिसलं असंल.

दुपारी बाजारातून बातमी. पोडातल्या देवरावले तांड्याच्या पोरांनी मारेगावच्या रस्त्यावर अडवून मारलं. तोंड फुटलं. त्याच्या बायकोनं म्हणे हात जोडून सांगितलं की आमी तर वाघ आल्यापासून नाल्याकडं फिरकलोच नाही. कोणं ऐकलं नाही. उद्या पोडातले लोक जाब विचारायले पारावर येणार आहेत, पोरांनी काठ्या तासून ठेवल्या.

सरांले फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गौरी, पाच तारखेपर्यंत थांब. आत्ता सांगितलंस तर रानवर्ग संपला. इथलाच नाही, सगळीकडचा. चाळीस शाळांतली पोरं. तू ठरव तुला काय मोठं वाटतं."

"अन् उद्या पहाटे कोणी गेलं तर?"

"सोबत काठ्या आहेत म्हणालीस ना."

आईलेही फोन केला. तिले काही सांगितलं नाही. ती म्हणाली आवाज बसला का तुझा.

२ एप्रिल

पहाट. बाया आत्ताच दारावरून गेल्या. हसत होत्या, काठ्या दगडांवर आपटत. गंगीची मोठी पोरगीही आज आईच्या जागी गेली, आईची दुसरी टोपली घेऊन.

आज सगळं सांगून टाकायचं ठरवलं, हे आधी लिहून ठेवते, म्हणजे नंतर मागं वळता येणार नाही. उजाडलं की पारावर जाईन. भीमसिंग नाईक, देवरावचे लोक, सगळे असतील तेव्हा. सांगीन की शिकवलं मी, अन् परवा विचारलं तेव्हा खोटं बोलली मी. बबिताचं नाव घेतल्याशिवाय सांगता येईल का, ते रात्रभर जुळवून पाह्यलं. नाही येत. वाक्य कुठूनही सुरू केलं तरी तिच्याशीच येऊन थांबते. मीच ओरडत होती असं म्हटलं तर तांडा हसल, मले वांदर कुठं जमते, पोट्टे सांगतील.

याडी जागी आहे. मी लिहून राह्यली हे तिले दिसून राह्यलं. तिनं विचारलं, "कोणाले लिहिते?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मग कायले लिहिते."

तुम्ही मले म्हणणार

थांबा.

नाल्याकडून. खँक्.

परत. खँक् खँक्. खूप जवळून, झाडांच्या ओळीतूनच.

वाटेवरून बायांचा हसण्याचा आवाज. कोणीतरी ओरडली, "खाकर बापा, खाकर, आज नाही उठत कोणी." थांबल्या नाहीत. टोपल्या खाली ठेवल्याचा आवाज इथपर्यंत येते.

बबिता खाटेवर ताठ उठून बसली. माझ्याकडं पाहून राह्यली. दोन्ही हात वर करून दाखवले तिनं, रिकामे. "मॅडम, मी नाही. मी इथंच हाये."

याडीनं तिचा दंड धरला. बबितानं सोडवला. चुलीजवळची परात उचलली तिनं, अन् वाजवायले उलथणं. दारात जाऊन उभी राह्यली.

तिचं नाव मले घ्यावंच लागणार नाही. ती स्वतःच तिथं उभी राहील, बायांच्या समोर, आधीचा वांदर मीच होतो म्हणून सांगल, अन् वांदर मागून खाकरत राहील, अन् दोन्ही एकदम दिसतील सगळ्यांले. एवढंच पाह्यजे. बाकी नंतर.

सर, तुमची पाच तारीख तुम्ही पाहा. याडी, तू मधे नको येऊ.

निघालो आम्ही.